पाठमोरी

२०२४च्या नोव्हेंबरात आमच्या सौ.ला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मुलीने आणि मुलाने मिळून हॉल ठरवला, केटरर ठरवला, पाहुण्यांची यादी केली आणि माझ्यावर एकच काम सोपवले. "बाबा, तुम्ही घरातले फोटोग्राफर. आईचे पन्नास फोटो निवडून द्या, लहानपणापासून आतापर्यंतचे. आम्ही त्याचा मोठा बोर्ड करतो." मी मनात म्हटले, हे काय काम झाले? वरच्या खोलीतल्या कपाटात माझ्या चार-साडेचार हजार स्लाइड्स आहेत, प्रत्येक डबीवर तारीख आणि गाव लिहिलेले. एका संध्याकाळी होईल.

तीन संध्याकाळी गेल्या. लग्नातले सहा फोटो सापडले, साताऱ्याच्या स्टुडिओवाल्याने काढलेले, कृष्णधवल. १९७४ साली इकडे येताना सांताक्रूझ विमानतळावर हार घालून काढलेला एक. मुलांच्या वाढदिवसांचे काही, त्यात केकमागे हिचा हात किंवा अर्धा खांदा. मग माझे कपाट उघडले. एकेक स्लाइड दिव्यासमोर धरून पाहत गेलो. धुके, पाणी, पूल, झाडे, बदके, पुन्हा धुके. त्यात ही होती. मोजली तर त्रेचाळीस स्लाइड्समध्ये होती. लाल कोट घातलेली, लांब उभी, आणि त्रेचाळीसही ठिकाणी पाठमोरी.

हे कसे झाले ते सांगतो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात असा एखादा कॅमेरावाला असेल, त्याच्या उपयोगी पडेल म्हणून हा खटाटोप.

मी १९८६ साली आमच्या भागातल्या कॅमेरा क्लबाचा सभासद झालो. त्याआधी वर्षभर घासाघीस करून एक जुना पेन्टॅक्स के-१००० घेतला होता. मंगळवारी संध्याकाळी आठ वाजता एका चर्चच्या हॉलमध्ये सभा भरे. सप्टेंबरात मोसम सुरू, मे महिन्यात संपला. उन्हाळ्यात सहली. मी गेलो तेव्हा तीसेक सभासद होते, सगळे गोरे, बहुतेक निवृत्तीला आलेले. दोन-तीन जण हॅरोच्या कोडॅक कारखान्यातून निवृत्त झालेले होते. तो कारखाना १८९१पासून तिथे होता, २०१६मध्ये बंद झाला. त्यांना फिल्मची रसायने तोंडपाठ. मी हिशेबनीस माणूस. पहिल्या सभेला दारात घुटमळत होतो, तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी पुढे आले, हात मिळवला आणि म्हणाले, "या, या, प्रोजेक्टरला खुर्ची लागते आहे, ती उचला." त्या दिवसापासून मी क्लबाचा झालो. माणसाला परकेपणा वाटू नये यासाठी त्याला काम द्यावे, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

महिन्यातून एकदा स्पर्धा. प्रत्येकाने दोन-तीन स्लाइड्स द्यायच्या. स्लाइडच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक ठिपका चिकटवायचा, म्हणजे प्रोजेक्टरवाला ती उलटी घालत नाही. परीक्षक दुसऱ्या क्लबातून येई. हॉलमध्ये अंधार, पडद्यावर चित्र, आणि परीक्षक काठीने एकेक दोष दाखवी. स्लाइड कोणाची ते जाहीर करायचे नसे. आपले चित्र आले की आपण शेजाऱ्यासारखेच तटस्थ तोंड करून बसायचे, पोटात मात्र एसएससीच्या निकालाच्या दिवसासारखा गोळा. वीसपैकी गुण. चांगली चित्रे परीक्षक बाजूला ठेवी आणि शेवटी पुन्हा पाही. मध्यंतरात चहा आणि बिस्किटे.

माझी पहिली स्लाइड गणपतीच्या आरतीची होती. निरांजने, तीस-चाळीस माणसे, टाळ, मुलांचे हात, मागे मखर. मला वाटले, असे चित्र या हॉलने पाहिलेले नसेल. परीक्षक बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, रंग छान आहेत, पण गर्दी फार आहे. नजरेने थांबायचे कुठे? बारा गुण. त्याचे बोलणे सौम्य होते आणि त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबरही होते. पण मी ते असे मनाला लावून घेतले की त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यासमोर घरातले, मंडळातले कोणी फारसे आलेच नाही. आपली माणसे म्हणजे गर्दी, हे मी त्या रात्री घरी घेऊन आलो.

मी नियम पाठ केले. चौकटीचे तीन भाग करा आणि विषय तिसऱ्या भागावर ठेवा. कडेला उजेडाचा ठिपका नको. वाट किंवा कुंपण असे असावे की नजर आत जाईल. क्षितिज मध्यावर नको. सहलींना तर एकही चुकवली नाही. वेल्श हार्पच्या तलावावर पहाटे साडेपाचला जाऊन उभा राहिलो. हा तलाव १८३०च्या दशकात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधला आणि एका पबवरून त्याला हे नाव पडले, हेही तिथेच समजले. बार्न हिलवर गेलो. हम्फ्री रेप्टन नावाच्या उद्यानकाराने १७९३ साली या सगळ्या परिसराची आखणी केली, त्यातूनच वेम्बली पार्क हे नाव आले. आपण रोज ज्या स्टेशनावर उतरतो त्याच्या नावात एका माळ्याची कल्पना आहे, हे मला बारा वर्षे वेम्बलीत राहूनही माहीत नव्हते. क्लबाने मला हे गाव दाखवले, हे उपकार मी विसरत नाही.

सहलींना सौ. येऊ लागली ती माझ्या सोयीसाठी. मला गाडी चालवता चालवता नकाशा वाचता येत नसे. शिवाय बाहेरचे सँडविच मला चालत नसे. ही पहाटे उठून साबुदाणा वडे तळी, डबा भरी, थर्मास भरी. तिच्याकडे एक छोटा इन्स्टामॅटिक कॅमेरा होता, मुलगी झाली तेव्हा घेतलेला. त्याने ती जाता-येता काहीबाही टिपत असे. मी त्या कॅमेऱ्याला खेळणे म्हणायचो.

त्या खेळण्याचीही एक गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात रोल पाकिटात घालून पोस्टाने धुवायला पाठवायची पद्धत होती, स्वस्त पडे. १९७६च्या ऑगस्टात विल्सडनच्या ग्रनविक या फिल्म धुणाऱ्या कारखान्यात संप सुरू झाला. पुढे उभ्या राहिल्या त्या जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबर पूर्व आफ्रिकेतून आलेल्या बऱ्याचशा गुजराती बायका. क्रिकलवुडच्या पोस्टातल्या कामगारांनी कारखान्याची टपाल उचलायचे नाकारले, देशभरातून कामगार पाठिंब्याला आले, तरी जुलै १९७८मध्ये संप मागण्या पदरात न पडताच संपला. त्या दिवसांत आमची ही रोल घेऊन हायस्ट्रीटवरच्या केमिस्टकडे जाऊ लागली. तिथे पैसे जास्त. मी विचारले, तर म्हणाली, "आपल्यासारख्याच साड्या नेसून, वर कोट घालून त्या बायका थंडीत उभ्या आहेत. माझा रोल मी तिकडे नाही पाठवणार." मी हिशेब करून दाखवला. तिने तो ऐकला आणि केमिस्टकडेच गेली.

आता लाल कोट. १९८९च्या मार्चमध्ये क्लबाची सहल आयव्हिंगो बीकनला गेली. चिल्टर्न्सच्या टोकाची ती टेकडी, बोडकी, वारा असा की तिपाई पडेल. क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, नुसती टेकडी मेलेली दिसते, तिच्यावर एक माणूस हवा, लहानसा, आणि त्याच्या अंगावर लाल काहीतरी हवे. सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळल्या. जानेवारीच्या सेलमध्ये घेतलेला लाल कोट तिच्या अंगावर होता. मी तिला वर पाठवले. "जरा पुढे जा. अजून. डावीकडे. थांब. इकडे बघू नकोस, तिकडे बघ." मग दुसरे सभासद म्हणाले, आम्हालाही घेऊ द्या. पाऊण तास ती त्या वाऱ्यात दरीकडे तोंड करून उभी होती. खाली आली तेव्हा बोटांना थर्मासचे झाकण फिरवता येईना.

त्या स्लाइडला अठरा गुण मिळाले आणि वर्षअखेरीच्या स्पर्धेत कप. बक्षीस समारंभाला ही आली होती, तोच कोट घालून, मागच्या रांगेत. परीक्षक म्हणाला, या चित्राचा प्राण म्हणजे ती अनामिक आकृती. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिनेही वाजवल्या. घरी येताना गाडीत म्हणाली, "अनामिक म्हणजे नाव नसलेली ना हो?" मी म्हटले, "अगं, ते कलेच्या भाषेत बोलतात." कप शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवला. पुसायचे काम तिच्याकडे.

एकदा क्लबाने मला माझ्या देशातल्या फोटोग्राफीबद्दल बोलायला सांगितले. मी महिनाभर तयारी केली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची आणि मुंबईची १८५४ची, अंतर एका वर्षाचे, हे सांगितल्यावर मंडळी सरसावून बसली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर, हे सांगितले. मग दादासाहेब फाळके. गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवणारा हा माणूस १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला आला, वॉल्टन-ऑन-थेम्सला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सिनेमा कसा तयार होतो ते पाहून गेला, इथला विल्यमसनचा कॅमेरा मागवला, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो ते एकेक चित्र घेत टिपले आणि ३ मे १९१३ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. सरस्वतीबाईंबद्दलही सांगितले. त्यांनी दागिने गहाण टाकायला दिले, फिल्मला भोके पाडली, ती धुवायला मदत केली आणि एवढ्या सगळ्या कामगार मंडळींचा स्वयंपाकही केला. मी अगदी भरून येऊन बोललो. म्हणालो, जगाने फाळक्यांना पाहिले, त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या बाईला पाहायचे राहिले. जोरात टाळ्या पडल्या. त्या वेळी मागच्या टेबलाशी चहाचे कप मांडत कोण होते, ते तुम्ही ओळखलेच असेल. मला ओळखायला तीस वर्षे लागली.

एक स्लाइड मात्र मला त्या तीन संध्याकाळींत खाली ठेवता येईना. तारीख फेब्रुवारी २००३, जागा बार्न हिल. वेम्बली स्टेडियमचे दोन पांढरे मनोरे पाडायचे काम चालले होते. १९२३पासूनचे ते मनोरे. आम्ही नवीन आलो तेव्हा हिला इंग्रजी पाट्या भरभर वाचता येत नसत. गाडीच्या खिडकीतून मनोरे दिसले की घर आले, एवढी खूण तिने धरली होती. क्लब शेवटचे फोटो घ्यायला टेकडीवर गेला. थंडी कडक, आकाश करडे, मला हवे तसे. मी हिला पुढे उभे केले. त्याच्या महिनाभर आधी साताऱ्याला तिची आई गेली होती. तार-फोन सगळे झाले, पण तिकीट मिळून जाईपर्यंत काही उरणार नव्हते, म्हणून ती गेली नाही.

मी भिंगातून पाहत होतो. तिने एकदम मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी ओरडलो, "इकडे बघू नकोस!" ती वळली. मी बटण दाबले. एकोणीस गुण मिळाले. त्याहून जास्त मला कधी मिळाले नाहीत.

दिव्यासमोर ती स्लाइड धरली तेव्हा लाल कोटाच्या पलीकडचे तोंड मला स्पष्ट आठवले. कॅमेरा हातात होता, फिल्म होती, आणि बायको आईसाठी रडत होती. मी कॅमेरा खाली ठेवून तिच्याकडे गेलो नाही. फोटो घेतला नाही याचे मला दुःख नाही. गेलो नाही याचे आहे.

२००८च्या सुमारास मी क्लबात जाणे सोडले. डिजिटल कॅमेरे आले होते, माझे डोळे थकले होते, नातवंडे झाली होती. मी वापरत असे त्या कोडाक्रोम फिल्मचे उत्पादनही २००९मध्ये थांबले आणि २०१०च्या अखेरीस अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ती घेणे बंद केले. २०११मध्ये सेक्रेटरी वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला. अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापायला वडिलांचा चांगला फोटो हवा, तुम्ही क्लबातली मंडळी इतके फोटो घेता, कोणाकडे तरी असेलच. मी पाच-सहा जणांना फोन केले. एकाकडेही नव्हता. पंचवीस वर्षे दर मंगळवारी एकत्र बसून, हजारो चित्रे पाहून, आम्ही एकमेकांचा एक फोटो घेतला नव्हता.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्याकडे आहे की." तिने पलंगाखालून बुटांचे खोके काढले. आत रबर लावलेले गठ्ठे. कोणाची पावले कापलेली, कोणाच्या डोक्यावर झाड उगवलेले, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. प्रत्येकामागे बॉलपेनने तिचे बारीक अक्षर: कोण, कुठे, केव्हा, काय खाल्ले. त्यात सेक्रेटरी होते. ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर बाकावर बसून, हातात अर्धा साबुदाणा वडा, टायवर चटणी, आणि तोंडभर हसू. मागे लिहिले होते, "तिसरा वडा."

ब्रेकस्पिअर क्रिमेटोरियममध्ये प्रत्येकाच्या हातात तो फोटो होता. क्षितिज तिरके, कडेला कचऱ्याचा डबा. कुठल्याही परीक्षकाने त्याला दहाच्या वर गुण दिले नसते. त्यांच्या मुलीने हिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आमच्या अख्ख्या क्लबात खरा फोटोग्राफर कोण होता, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. अर्धवट कळले. आपण माणसे, पूर्ण कळायला आणखी तेरा वर्षे गेली.

कारण त्या खोक्यातही पाहिले. आम्ही सगळे होतो. मी, मुले, शेजारच्या बेन, डॉलिस हिलच्या मंडळातली माणसे, क्लबातले म्हातारे. ही नव्हती. तिथे ती कॅमेऱ्यामागे होती. माझ्या फोटोंत पाठमोरी आणि स्वतःच्या फोटोंत नाहीच.

मुलांना सगळे सांगितले. मुलगा हसला, मुलगी गप्प झाली. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी मी हिला म्हटले, "चल, बार्न हिलवर जाऊ." म्हणाली, "आता कशाला? गुडघे दुखतात." हळूहळू गेलो. तळ्यापाशी बाकावर बसली. समोर २००७पासूनचे नवे स्टेडियम, वर ती १३३ मीटर उंचीची कमान. जुना पेन्टॅक्स नेला होता, पण शेवटी मुलीने दिलेला मोबाइलच बाहेर काढला. ती सवयीने उठून पुढे जाऊ लागली, स्टेडियमकडे तोंड करून. मी म्हटले, "नको. इकडे बघ."

तिला तोंडाचे काय करावे ते समजेना. पदर नीट केला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "आता काय बघायचंय, सुरकुत्या?" म्हणाली. मी म्हटले, "त्या दिवशी मनोरे पाडत होते तेव्हा तू वळलीस, आणि मी तुला ओरडलो. आठवतं?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला आठवतं होय? मला वाटलं, तुम्ही फक्त उजेड बघत होता." तेवढ्यात मी फोटो घेतला. मागून एक कुत्रा चालला आहे, एका बाईची बाबागाडी अर्धी चौकटीत आली आहे, क्षितिज बरोबर मध्यावर. गर्दी फार आहे. पण नजरेने कुठे थांबायचे हे मला आता कोणी सांगायला नको.

बोर्डाच्या मधोमध तो फोटो लावला, त्याभोवती लाल कोटाच्या त्रेचाळीस आकृत्या. धाकट्या नातवाने बोर्ड पाहून विचारले, "आजी, यू आर ऑलवेज गोइंग. कुठे चाललीस?" ही म्हणाली, "आजोबांचा चहा गार होत होता रे."

आता वाचकांना दोन विनंत्या. घरातल्या जुन्या फोटोंमागे आजच नावे लिहा, पेन्सिलीने, हलक्या हाताने, कारण ती नावे माहीत असलेली माणसे कायम राहत नाहीत. आणि पुढच्या कार्यक्रमाला जो किंवा जी पंगत वाढते, चहा करते, दुसऱ्यांचे फोटो घेते, तिला एकदा हाक मारून वळायला सांगा. माझ्याकडे स्लाइड्स आणि निगेटिव्ह मोबाइलवर पाहता येतील अशा करून देणारे छोटे यंत्र आहे. कोणाला हवे असेल तर कपाटातल्या डब्या घेऊन रविवारी दुपारी आमच्याकडे या. पैसे नकोत. साबुदाणा वडे मिळतील. ते आता मी तळतो, आणि फोटो ही घेते.